बाजाराची देवडी

कोंडवली संस्थानात दरबाराला येणाऱ्या प्रत्येकाने आपली बंदूक देवडीवर ठेवायची आणि निघताना परत घ्यायची, असा रिवाज होता. त्या बंदुका म्हातारा सुभानजी सांभाळायचा.

एकदा दिवाण त्रिंबकरावांनी नवा कायदा मांडला. भरलेली बंदूक खांद्याला लावून कुणीही खुशाल बाजारात फिरावं! "हत्यार दिसलं की माणूस आपोआप सभ्य वागतो," असं ते भेटेल त्याला ऐकवत.

कायदा मंजूर व्हायच्या दिवशी सुभानजीने एकाही सरदाराची बंदूक ठेवून घेतली नाही. दरबार भरला. जो तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघत बसला.

"सुभानजी, ही हत्यारं आत कशी आली?" दिवाण घाम पुसत ओरडले.

"म्हटलं, आज सगळे सभ्य वागतील."

"अरे मूर्खा, कायदा बाजारासाठी आहे, दरबारासाठी नाही!"

सुभानजीने हात जोडले. "मग दिवाणसाहेब, बाजारालाही एक देवडी बांधून द्या. मी तिथे जाऊन बसतो."

महाराजांनी तिथल्या तिथे कायद्याचा कागद फाडला. दरबाराने वाहवा केली, पण सुभानजी मान खाली घालून देवडीवर परतला.

गेल्या दसऱ्याला एक सरदार दरबारात भांडून तणतणत बाहेर आला होता. रिवाजाप्रमाणे सुभानजीनेच त्याच्या हाती बंदूक दिली, वर मुजराही केला. घटकाभरात बाजारात गोळी सुटली आणि बांगड्या भरणारी यमुना कासारीण हकनाक गेली.

आज भर दरबारात त्याला एवढं सुचलं. त्या दिवशी मात्र "सरकार, जरा बसा, पाणी पिऊन जा," एवढंही सुचलं नव्हतं.