न आपटलेली काठी

दुसरं कुणी सापडलं नाही म्हणून मला सांगायला बसवलंय. ठीक आहे. एकदाच सांगेन. मध्येच "पुढे काय, पुढे काय" करायचं नाही.

फार जुनी गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावात एक कोळी आणि त्याची बायको राहत होती. गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेला एक कातळ होता. त्यावर गळ टाकायच्या सात जागा. मोठ्या उधाणाच्या दिवसापर्यंत ज्याला मोठा मासा मिळाला नाही, त्याची जागा जायची. मग त्याने वर्षभर पोराटोरांबरोबर चिखलात खेकडे धरायचे, असा गावाचा कायदा.

आपल्या कोळ्याची गळाची काठी एका दांडग्या माशाने मोडली होती. उधाण चार दिवसांवर आलेलं. आणि घरात देण्याजोगी होती फक्त सुक्या बोंबलांची एक टोपली.

दोघं बाजारात गेली. काठीवाल्याने तीन काठ्या पुढे केल्या. पहिलीला पितळी कड्या. तिच्या बदल्यात एक म्हैस. दुसरी मनगटाएवढी जाड. तिला एक बकरी. तिसरी अंगठ्याएवढी, जराशी वाकडी. तिला बोंबलांची टोपली पुरे.

"हिने काय गुरं हाकू?" कोळी कुरकुरला.

"आधी गुरं तरी आणा," बायको म्हणाली. "आणि बुडख्याकडून बघा. ती जाडी आतून पोकळ आहे. ही भरीव आहे."

तिने वाकड्या काठीच्या टोकाला काठीवाल्याचा वजनाचा धोंडा बांधला. काठी हळूहळू वाकत जमिनीला टेकली. धोंडा सोडला, तशी पुन्हा होती तशी झाली.

"हीच द्या," बायको म्हणाली.

आता गावाची एक रीत होती. नवी काठी कातळावर तीनदा दणकून आपटायची. टिकली तर खरी.

शेजाऱ्याने म्हैस देऊन पितळी कड्यांची काठी आणली होती. त्याने ती तीनदा आपटली. कातळ दणाणला. लोक ओरडले, "वा रे पठ्ठ्या!" मग कोळ्याकडे वळून म्हणाले, "आता तुझी आण!"

कोळ्याने काठी उगारली. बायकोने हात धरला. तिच्याकडे जुन्या काठीचा तुकडा होता.

"मोडली ती जागा बघा. अर्धी पांढरी, अर्धी काळी. पांढरी माशाने मोडली. काळी आधीच फुटली होती, आत खारं पाणी मुरलंय. कुणी फोडली? तुम्हीच. इथेच. तीन फटक्यांत."

कोळी पुटपुटला, "अगं, नाही आपटली तर लोक मला भित्रा म्हणतील."

"आणि खेकडे धरताना काय म्हणतील?"

कोळ्याने काठी खाली केली. लोक पोट धरून हसले. शेजारी सगळ्यांत जास्त.

उधाणाच्या दिवशी मोठी घोळ मासळी आधी शेजाऱ्याच्याच गळाला लागली. काठी तसूभर वाकली नाही. कडाड्! अर्धी काठी, पितळी कड्या आणि घोळ, तिन्ही समुद्रात.

मग कोळ्याच्या काठीला हिसका बसला. वाकली, वाकली, टोक पाण्याला लागलं. "गेली, गेली!" लोक ओरडले. कोळी जोर लावून उपसणार, तोच बायको ओरडली, "ओढू नका! पळू दे तिला, दमू दे!"

घोळ पळाली, वळली, पुन्हा पळाली. काठी तिच्याबरोबर वाकत राहिली, उठत राहिली. शेवटी दमलेली घोळ कातळाशी आली. दोघांनी मिळून वर घेतली, तेव्हा ती कोळ्याच्या कमरेएवढी लांब भरली.

कोळ्याची जागा राहिली. शेजारी वर्षभर खेकडे धरत होता, तेही म्हशीवाचून. पुढच्या वर्षी गावात एकही काठी कातळावर आपटली गेली नाही.

बोध सरळ आहे: वस्तू तिच्या किमतीवरून किंवा दणक्यावरून घेऊ नये, तिला जे काम करायचंय त्यावरून पारखून घ्यावी.

आणि ही गोष्ट मागे सांगितली तेव्हा "एवढी बारीक काठी घोळ काढते होय?" म्हणून चारचौघांत मला खोटं पाडणाऱ्या, आणि अजून माफी न मागितलेल्या माणसाचं नाव भिकाजी पाटेकर.