दारात उभं राहायचा कायदा

फार फार मागे एका राज्यात एक कोतवाल होता. माणूस इमानदार, पण भारी चौकस. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय इथपासून कुणाचं लग्न का मोडलं इथपर्यंत सगळं त्याला कळायला हवं असायचं.

आता गंमत पाहा, अशा माणसाच्या वाट्याला काम काय आलं, तर काही न विचारण्याचं! राज्यात पोरं शाळा बुडवत होती. सबबी ऐकून ऐकून राणीसाहेब वैतागल्या आणि त्यांनी कायदा केला. जितके दिवस शाळा बुडेल, तितके दिवस पोराने परत आल्यावर वर्गाच्या दारात उभं राहायचं. महिनाभर आलं नाही, तर नाव कायमचं कमी. हे सगळं कोतवालाने अमलात आणायचं, पण कारण विचारायचं नाही. विचारलं तर नोकरी गेली.

विणकराची सगुणी नुकतीच शाळेत जायला लागली होती. पण मग ती वर्गात दिसेनाशी झाली आणि गैरहजेरीचा महिना भरत आला. "उद्यापासून हिची शाळा संपली," असं सांगायला कोतवाल तिच्या घरी गेला.

"अहो, ती तर रोज सकाळी पाटी घेऊन शाळेत जाते की," मागावर बसलेली आई म्हणाली.

कोतवाल चक्रावला. घरी नाही, वर्गात नाही, मग पोर जाते कुठे?

शोधत शोधत तो शाळेच्या मागे गेला. खिडकीखाली, घाणेरीच्या झुडपाआड सगुणी बसली होती आणि आत चाललेला पाठ ओठातल्या ओठात म्हणत होती.

कोतवालाला राहवेना. नोकरी डोळ्यापुढे आली, घरची खाणारी तोंडं आठवली. तरी त्याने विचारलंच, "पोरी, आत का नाही जात?"

"आईला ताप होता, म्हणून एक दिवस चुकला," ती म्हणाली. "दारात उभं राहायची लाज वाटली, म्हणून दुसराही चुकवला. मग दोन दिवस उभं राहावं लागणार होतं. रोज एकेक वाढतच गेला, काका. आता कशी जाऊ?"

कोतवालाने तिला तडक राणीपुढे नेलं. "सरकार, मी विचारलं. माझी नोकरी घ्यायची तर घ्या, पण आधी हिचं ऐका."

राणीसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "पाठ येतो? म्हण बघू."

सगुणीने घडाघडा म्हणून दाखवला.

"आता तोच लिही."

सगुणीची मान खाली गेली. "लिहिता येत नाही. तिथून फळा दिसत नाही."

राणीसाहेबांना फार वाईट वाटलं. पोरांना शाळेत आणायला केलेल्या कायद्यानेच हिला बाहेर बसवलं होतं.

त्याच दिवशी कायदा बदलला. पोर एक दिवस जरी आलं नाही, तरी संध्याकाळच्या आत कोतवालाने घरी जायचं आणि काय अडलंय ते विचारायचं. अडलेलं दरबाराने सोडवायचं. परत आलेल्या पोराला गुरुजींनी जवळ बसवून बुडालेला पाठ आधी शिकवायचा. कोतवालाची नोकरी अर्थातच राहिली. या कामाला त्याच्याइतका चौकस माणूस दुसरा कोण मिळणार?

सगुणी वर्गात गेली. गुरुजींनी तिच्याकडून तिचं नाव लिहून घेतलं. ते वाकडंतिकडं आलं.

"उद्या सरळ येईल," गुरुजी म्हणाले. "उद्या येशील ना?"

"येईन," सगुणी म्हणाली.

तात्पर्य काय, तर जे पोर शाळेत आलं नाही, त्याला शिक्षा करण्याआधी ते का आलं नाही हे विचारावं, आणि परत येईल तेव्हा त्याला जवळ घ्यावं.