रोहकाने दडवलेले पत्र

पूर्वी करंजपूर नगरात वसुषेण नावाचा राजा प्रजेचे पालन करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या सभेत भद्रसेन नावाचा तरुण अमात्य होऊन राहिला होता. त्याचे आसन सर्वांत शेवटी होते. राजाच्या उजव्या हाताला बावीस वर्षे वृद्ध अमात्य रोहक बसत असे.

त्या वर्षी उत्तरेच्या तालवन देशात युद्ध पेटले. माणसे मुलाबाळांसह दक्षिणेकडे पळत सुटली. नदी ओलांडताना, अरण्यातून चालताना कितीतरी मुले आईबापांपासून चुकली. करंजपूर, नीपनगर आणि अश्मद्वार या तीन राज्यांच्या सीमा जिथे भिडत, तिथे ती भटकू लागली. करंजपूरचे पहारेकरी म्हणत, "ही नीपनगरची." नीपनगरचे म्हणत, "ही अश्मद्वारची." मुले पळवून विकणाऱ्या टोळ्यांना मात्र ती आपलीच वाटत. एका राज्याचे शिपाई मागे लागले की टोळ्या दुसऱ्या राज्यात शिरत आणि शिपाई सीमेवरून परत फिरत.

रोहकाच्या सल्ल्याने सीमेवरचे पहारे दुप्पट झाले. मुले नाहीशी होतच राहिली.

तेव्हा भद्रसेन सभेत उठून म्हणाला, "महाराज, एकट्या करंजपूरला हे जमायचे नाही. तिन्ही राजांनी करार करावा. कुठेही सापडलेले मूल तिघांचेही समजावे. त्याचे नाव, गाव, आईबापांची नावे तिन्ही राजधान्यांना लिहून कळवावीत. आणि टोळ्यांच्या मागे लागलेल्या शिपायाला कोणत्याच सीमेवर अडवू नये."

राजाला ते पटले. भद्रसेन तीन महिने दोन्ही राज्यांत फिरला आणि करार करूनच परतला. पहिल्या पंधरवड्यात चाळीस मुले आईबापांना भेटली. राजाने आनंदाने भद्रसेनाला आपल्या उजव्या हाताला बसवले. रोहकाला एक आसन खाली सरकावे लागले.

एकच आसन, पण रोहकाला ते सहन होईना. बाजारातून जाताना कोणी भद्रसेनाचे नाव घेतले की त्याच्या कानांत शिसे ओतल्यासारखे होई. घरी त्याची पत्नी सहज म्हणाली, "पोराने नाव काढलं हो!" त्याने ताट तसेच बाजूला सारले. 'दोन्ही राज्यांत फिरलो असतो तर मलाही जमले असते,' तो स्वतःशी म्हणे. 'मला कोणी पाठवलेच नाही.' भद्रसेन त्याला रोज वाकून नमस्कार करी. त्या नमस्काराने तर त्याचा अधिकच जळफळाट होई. हा मला उद्धटपणे का वागवत नाही, म्हणजे मला याचा उघड द्वेष तरी करता येईल, असे त्याला वाटे.

राजमुद्रा अजून रोहकाकडेच होती, त्यामुळे परराज्यातली पत्रे आधी त्याच्या घरी येत. एके दिवशी नीपनगरचे पत्र आले. त्यात लिहिले होते: 'तालवनचा पाच वर्षांचा मुलगा सापडला आहे. आईचे नाव सामा सांगतो. त्याची बहीण मंदा एका टोळीच्या हाती आहे. ती टोळी चार दिवसांनी तुमच्या हद्दीतला नदीचा उतार ओलांडून अश्मद्वारकडे जाईल. शिपाई पाठवावेत.'

रोहकाने पत्र दोनदा वाचले आणि उशाखाली ठेवले. त्याला मुलीचे वाईट करायचे नव्हते. भद्रसेनाचा एखादा बेत फसलेला लोकांनी पाहावा, एवढेच त्याला हवे होते. पाचव्या दिवशी त्याने पत्र भद्रसेनाच्या घरी पाठवून दिले.

टोळी तोवर निघून गेली होती.

नीपनगरचा दूत संतापून आला. "आम्ही वेळेवर कळवले," तो भर सभेत म्हणाला. "तुमचे शिपाई झोपले होते काय? असा करार आमच्या राजांना नको."

राजाने भद्रसेनाकडे पाहिले. पत्र कुठे दिले होते, हे पत्रवाहकाने भद्रसेनाला आधीच सांगितले होते. आता हा बोट दाखवणार, असे रोहकाला वाटले.

भद्रसेन म्हणाला, "करार राबवण्याची जबाबदारी माझी होती, महाराज. मी हे आसन सोडतो. दूतांना एकच विनंती आहे, मुलगी सापडेपर्यंत करार मोडू नये."

दूत शांत झाला. रोहक पुन्हा उजव्या हाताला जाऊन बसला. भद्रसेनाचा चेहरा पडलेला पाहावा म्हणून त्याने सभा संपेपर्यंत तिकडे नजर लावली होती. तो चेहरा पडला नाही. रोहकाला तेही सहन झाले नाही.

दुसऱ्या दिवशी निर्वासितांच्या छावणीतून सामा आली. "कारभार आता तुमच्याकडे आहे म्हणतात," ती म्हणाली. "आधीच्यांनी पत्र दडपलं, असं सगळे बोलतात. देव त्यांचं भलं न करो. धनी, माझी मंदा सात वर्षांची आहे. डाव्या भुवईवर व्रण आहे. अनोळखी माणसाने नाव विचारलं तर ती भावाचं सांगते. भीतीने असं करते. तुम्ही तेवढं लिहून घ्या."

रोहकाने लेखणी उचलली. त्याला एक अक्षरही लिहिता आले नाही. तो उठला आणि तडक भद्रसेनाच्या घरी गेला.

"तुला ठाऊक होते," तो दारातूनच म्हणाला.

"होय, आर्य."

"मग बोलला का नाहीस? मला खाली ओढायची याहून चांगली वेळ कोणती होती?"

"दूत समोर उभा होता. आपली भांडणे घेऊन तो परत गेला असता, तर तिन्ही सीमा बंद झाल्या असत्या. मग त्या मुलीला शोधणार कोण?"

"लोक तुला शिव्या देताहेत. तिची आईसुद्धा."

"तिची शिवी लागली," भद्रसेन म्हणाला. "पण आर्य, अश्मद्वारचे महामंत्री तुम्हाला तीस वर्षे ओळखतात. तुम्ही स्वतः गेलात तर ते त्याच दिवशी शिपाई काढतील. माझ्या पत्राला ते आठ दिवस लावतील."

रोहक सत्तरीचा होता. तरी तो बैलगाडीने दोन दिवस आणि एक रात्र न थांबता अश्मद्वारला गेला. महामंत्र्यांसमोर, नीपनगरच्या दूतादेखत तो म्हणाला, "पत्र माझ्या उशाखाली होते. भद्रसेनाचा दोष नाही. मला त्याचा हेवा वाटला." त्याच दिवशी अश्मद्वारचे शिपाई निघाले, वाटेत इतर दोन राज्यांचेही त्यांना मिळाले आणि रोहकही त्यांच्याबरोबर गेला. नवव्या दिवशी एका रंगाऱ्याच्या आवारात अकरा मुले सापडली. कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊन एक मुलगी पुढे आली आणि तिने आपल्या भावाचे नाव सांगितले. रोहकाने तिची भुवई पाहिली आणि तो तिथेच मातीत बसला.

सामाने तिला जवळ घेतले तेव्हा धाकटा भाऊ आईच्या मागे लपला. निळ्या हातांची ही आपलीच बहीण, हे त्याला पटायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

रोहकाची कबुली कळताच राजा त्याला देशोधडीला लावणार होता. भद्रसेनाने त्याच्यासाठी रदबदली केली. रोहकाने राजमुद्रा परत केली आणि सीमेवरच्या चौकीत मुलांची नावे लिहून घेण्याचे काम मागून घेतले. तिथेही भद्रसेनाची स्तुती कानी आली की त्याचा जुना हेवा जागा होई. तो मान खाली घाली आणि पुढच्या मुलाला गावाचे नाव विचारी.

ही कथा आपल्या भिक्षुसंघाला सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, सोबत्याची कीर्ती ऐकून ज्याचा काल रात्री डोळा लागला नाही, तो इथे बसलेला भिक्षू त्या वेळी रोहक होता. आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी आपल्या संघातली थेरी, ती वृद्ध भिक्षुणी, त्या वेळची सामा. आणि मुलगी सापडावी म्हणून जो अपयश आपल्या माथी घेऊन गप्प राहिला, तो भद्रसेन मीच होतो." अशा प्रकारे त्या जन्मी बोधिसत्त्वाने क्षांतीची, म्हणजे सहनशीलतेची, पारमिता पूर्ण केली.