मुकिंदाची पिकअप आणि चांगुणाबाईचा झेंडू

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात मुकिंदा नावाचा एक माणूस राहायचा. त्याच्याकडे एक पिकअप होती. गावात ट्रॅक्टर होते, मोटारसायकली तर घरटी एक, पण घाट चढून शहराच्या बाजारात माल पोचवणारी गाडी तेवढी एकच. टोमॅटो असो, मेथी असो, नाहीतर कुणाच्या लेकीच्या लग्नाची भांडीकुंडी असोत, सगळं मुकिंदाच्या गाडीतून जायचं. चौदा वर्षं ती गाडी घाट चढत होती आणि उतरत होती.

चौदा वर्षांनी माणूसही कुरकुरतो, ती तर गाडी. उन्हाळ्यात तिचा गिअर अडकायला लागला. पावसाळ्यात दार लागेना, म्हणून मुकिंदाने ते दोरीनं बांधलं. मग दुरुस्त करावी की नवी घ्यावी, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. तो ज्याला त्याला विचारत सुटला. बायको, म्हणजे हौसा, म्हणाली नवी घ्या. थोरला भाऊ म्हणाला, हिच्यासारखा पत्रा आता मिळत नाही, हीच ठेव. पाराच्या कट्ट्यावर तर दोन तट पडले. सल्ला द्यायला कुणाच्या खिशातलं काय जात होतं?

शेवटी तो जालिंदर मिस्त्रीकडे गेला. जालिंदरचं गॅरेज फाट्यावर होतं आणि पहिल्या दिवसापासून ही गाडी त्याच्याच हाताखालून गेलेली. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घातलं आणि हात पुसत बाहेर आला. तो म्हणाला, "दोन्हीही बरोबर आहे मुकिंदा. दुरुस्त केलीस तर अजून चार वर्षं ओढेल. नवी घेतलीस तर सुखात राहशील. पण जे करशील ते धड कर."

गणपतीत मुकिंदाने ठरवलं, नवीच घ्यायची. शोरूममध्ये जाऊन नाव नोंदवलं. जुनी तिथेच देऊन टाकायची, असंही ठरलं. पुढे पितृपक्ष होता, त्यात कोण नवी वस्तू घरात आणतो? म्हणून दसऱ्याचा मुहूर्त धरला. एवढा मोठा मुहूर्त सोडून आधी गाडी आणायची, ही कल्पनाही मुकिंदाला सहन झाली नसती. आपल्याकडे कुणाला झाली असती, तेही सांगा.

इथपर्यंत त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

चुकलं ते यानंतर. इतकी वर्षं मुकिंदा रोज सकाळी गाडीचं पाणी बघायचा, ऑइल बघायचा, टायरवर टिचकी मारायचा, काचेवरून फडकं फिरवायचा आणि मगच चहा घ्यायचा. नवी गाडी ठरली आणि हे सगळं सुटलं. मनातून तो नव्या गाडीत कधीच जाऊन बसला होता. पेंटरला बोलावून मागच्या फळीवर काय लिहायचं ते ठरवत होता. आरशाला लावायचे गोंडे आणून झाले, सीटची कव्हरं आणून झाली. अंगणातली जुनी गाडी त्याला आता नजरेसमोरसुद्धा नको वाटायची. रोजचं भाडं मात्र तीच मारत होती.

पितृपक्षातच तिचा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप गळायला लागला. गाडी जिथे उभी राहील तिथे खाली ओल. जालिंदरने फाट्यावर त्याला हटकलं. पंप बदलून घे, अर्ध्या दिवसाचं काम आहे, म्हणाला. मुकिंदा हसला. नवा पंप घालायचा आणि पंधरा दिवसांनी गाडी दुसऱ्याला द्यायची, असा खुळा मी आहे का, असं त्याने विचारलं. कॅनमधून पाणी ओततोय, तेवढं बास आहे.

"नवी येईल तेव्हा येईल," जालिंदर म्हणाला. "दसऱ्याची फुलं तर हीच नेणार आहे ना?"

मुकिंदाने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी पुढे काढली.

आता चांगुणाबाईबद्दल सांगायला हवं. ती मुकिंदाच्या शेजारची, नात्याने काकू लागायची. नवरा गेल्यावर तिच्या वाट्याची जमीन दीर कसत होते आणि ती त्याच रानात खुरपायला जात होती. चार वर्षांनी तिने धीर करून सांगितलं, माझं रान मी करीन. दीर हसले, जावा हसल्या. मग दिरांनी अट घातली. एक वर्ष करून बघ. जमलं तर रान तुझं तू कर. नाही जमलं तर मुकाट्याने आमच्या हवाली कर आणि पुन्हा विषय काढू नकोस. तिने ती अट चार माणसांत कबूल केली.

तिने झेंडू लावला. सगळ्या रानात झेंडूच. रोपं आणण्यापासून भांगलणीपर्यंत तिने एकटीने केलं, विहिरीवरची मोटार चालू-बंद करायला शिकली, औषधाचा पंप पाठीवर घेतला. आणि काय फूल आलं म्हणता! वाटेनं जाणारी माणसं बांधावर थांबून बघायची. दीरही एकदा येऊन बघून गेले.

झेंडूचं गणित साधं असतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे बाजारात पोचला तर सोनं, उशीर झाला तर कचरा. म्हणून अष्टमीच्या दुपारी माल गावातून निघायलाच हवा. त्या वर्षी शेजारच्या गावचा एक टेम्पोवाला फुलं गोळा करायला आला होता. मुकिंदाच्या गाडीखालची ओल लोकांनीही पाहिली होती, त्यामुळे बऱ्याच जणांनी टेम्पोत माल भरला. चांगुणाबाईनेही भरला. तिचे सगळे क्रेट टेम्पोत चढले होते आणि ती बाजूला पदर खोचून उभी होती.

तेवढ्यात मुकिंदा आला. क्रेट बघून त्याचं तोंड उतरलं. खरं सांगायचं तर मुकिंदा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सांगताना मला एवढं जड गेलं नसतं. त्याला फक्त लागलं. इतकी वर्षं आपण ज्यांचा माल नेला, काका दवाखान्यात होते तेव्हा ज्यांच्यासाठी रात्रंदिवस गाडी पळवली, त्यांनी परक्याच्या टेम्पोत माल भरावा?

"काकू, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला.

चांगुणाबाई ओशाळली. तिने हळूच विचारलं, "गाडी नीट आहे ना रे तुझी? माझं सगळं यातच आहे."

आता बघा, एवढाच क्षण होता. पंप गळतोय, असं तो म्हणाला असता तर क्रेट जिथे होते तिथेच राहिले असते. मुकिंदाला थोडं कमीपण आलं असतं, दुसरं काही झालं नसतं. पण तो म्हणाला, "गाडीला काय धाड भरलीय? चौदा वर्षांत कधी अडकली का?"

ती भिडस्त बाई. टेम्पोवाल्याची माफी मागून तिने सगळे क्रेट उतरवून घेतले आणि स्वतःच्या हाताने मुकिंदाच्या गाडीत लावले. आपलं फूल बाजारात कसं विकलं जातं ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून ती पुढे केबिनमध्ये बसली. तिने नवं लुगडं नेसलं होतं.

अर्धा घाट चढला आणि गाडी तापली. मुकिंदाने कॅन उघडला तर तळाला घोटभर पाणी. गडबडीत भरायचंच राहिलं होतं. पुढच्या वळणावर झरा आहे, तिथवर ओढू, म्हणून त्याने गाडी तशीच रेटली. वळण आलंच नाही. बॉनेटखालून वाफ उसळली, आत काहीतरी कडकडलं आणि इंजिन जाम झालं.

थोड्या वेळाने मागून तोच टेम्पो आला. टेम्पोवाला थांबला, उतरला, सगळं बघितलं. त्याची गाडी आता गच्च भरली होती, क्रेट सोडा, हात शिरायला जागा नव्हती. त्याने आपल्याजवळचं पाणी दिलं आणि तो गेला. चांगुणाबाई टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

सणाचे दिवस. जिकडे फोन करावा तिकडची गाडी कुणाची ना कुणाची फुलं घेऊन गेलेली. दुसरी गाडी मिळाली ती नवमीच्या दुपारी. बाजारात पोचायला दिवस मावळला. व्यापाऱ्याने पहिल्या क्रेटमध्ये हात घातला आणि लगेच बाहेर काढून धोतराला पुसला. फुलं आतून गरम झाली होती, काळी पडली होती, बोटाला चिकटत होती. कुणी भावसुद्धा विचारला नाही. क्रेट रिकामे करून परत न्या, एवढंच तो म्हणाला.

मुकिंदा तिच्याकडे बघू शकला नाही. ती एकेक क्रेट उचलून उकिरड्यावर पालथा करत होती. त्याने हात लावायचा प्रयत्न केला तर म्हणाली, राहू दे, मी करते.

दसऱ्याला नवी गाडी आली. गाव जमलं, पूजा झाली, पेढे वाटले. चांगुणाबाई आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली दिरांच्या हातात नेऊन दिली. मुकिंदाने दिरांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती, बाईने पीक सोन्यासारखं आणलं होतं. दीर म्हणाले, पीक बाजारात पोचवणं हाही शेतीचाच भाग आहे. अट म्हणजे अट.

तिच्या रानात आता दिरांनी ऊस लावला आहे. ती पुन्हा खुरपायला जाते. नवी गाडी तिच्या बांधावरूनच जाते आणि मुकिंदा तिथे नकळत गाडी हळू करतो. तो रोज सकाळी पाणी बघतो, ऑइल बघतो, एकदा बघितलेलं पुन्हा बघतो. नवी गाडी, तिला काय होणार आहे? पण त्याला राहवत नाही.

वर्षभराने एकदा धीर करून तो बांधावर उतरला. काकू, गाडी जुनी होती, मी ती आधीच बदलायला हवी होती, असं काहीतरी तो बोलू लागला. चांगुणाबाईने खुरपं खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मुकिंदाला बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "गाडी जुनी होती हे मलाही दिसत होतं रे. जुन्या गाडीनं माझं काही नेलं नाही. तू तिला मनातून टाकून दिली होतीस, आणि मला मात्र तिच्यातच बसवलंस."

मग तिने खुरपं उचललं आणि ती पुढच्या सरीला गेली. मुकिंदा गाडीकडे परतला.

तात्पर्य: जुनं ठेवावं की नवं आणावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण जुन्यावर दुसऱ्याचं ओझं आहे तोवर त्याची निगा सोडू नये, आणि कुणी भरवशाने विचारलं तर जुन्याचा दोष लपवू नये. गाडी दुसरी मिळते. गमावलेलं रान आणि गमावलेला भरवसा मागून मिळत नाही.