निवलेली भाकरी

“मग आता सांगायचं तरी काय उरलंय, बाबा?”

शांतवन मास्तर उंबऱ्यातच उभे राहून विचारत होते. टोपी हातात, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. भर दुपारी मिशन कंपाउंडच्या पार टोकाला, रणनवरेबाबांच्या पत्र्याच्या घरी, कुणी हौसेनं येत नाही.

रणनवरेबाबा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. चाळीस वर्षं ते गावोगाव पाळक म्हणून हिंडले. बोलणं पहिल्यापासून कमी, वयानं आणखी आटलं होतं.

“कुणाला सांगायचं?”

“तबीथाला. माझ्या लेकीला. वर्ष झालं, ती चर्चची पायरी चढली नाही.”

मास्तर आत येऊन बसले आणि वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं सगळं सांगू लागले. रोज सकाळी तिच्या मोबाइलवर बायबलातलं एक वचन जातं. फ्रिजच्या दारावर वचन आहे, आरशावर आहे, तिच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा एक चिकटवलंय. नवे पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. मंडळीतल्या चौघांनी तीन शुक्रवार तिच्यासाठी उपास केला, आणि तो तिच्यासाठी आहे हे तिला आवर्जून कळवलं.

मास्तरांना अख्खं शास्त्र तोंडपाठ. त्यांच्यासारखी प्रार्थना पंचक्रोशीत कुणाला जमत नाही, असं लोक म्हणत, आणि मास्तरांनाही ते काही खोटं वाटत नसे.

“झालं काय होतं?” बाबांनी विचारलं.

“तिची आई गेली. तबीथा स्वतः नर्स. आठ महिने तिनं आईचं सगळं केलं. मातीच्या दिवशी कबरस्तानात कुणीतरी बोललं, पोरीचा विश्वास कमी पडला, म्हणून आई वाचली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं…”

“मग?”

“मी… गप्प बसलो.”

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. बाबांनी ती ताटलीत घेतली, शेजारी पिठलं वाढलं आणि ताटली मास्तरांपुढं सरकवली.

“जेव. आधी प्रार्थना कर.”

मास्तरांनी डोळे मिटले. सुरुवात अन्नापासून झाली, पण दुसऱ्याच वाक्याला गाडी लेकीवर आली.

“…आणि हे दयाळू पित्या, जी तुझ्या कळपातून दूर गेली, जी तुझे उपकार विसरली, तिचं कठीण मन तू वितळव. तिला तिची चूक दिसू दे…”

शब्दाला शब्द लागत गेला. आवाज चढला, पत्र्याला घुमला.

“आमेन,” म्हणून मास्तरांनी डोळे उघडले, तर ताटलीत भाकरी नव्हती. अंगणात कोंबड्या तिचे तुकडे टिपत होत्या.

“निवली होती,” बाबा म्हणाले. “थांब, दुसरी टाकतो.”

दुसरी आली. मास्तरांनी मुकाट्यानं हात जोडले. या खेपेला थोडक्यात आटपायचं, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण तबीथाचं नाव ओठांवर आलं आणि पुन्हा तेच झालं. डोळे उघडले तेव्हा ताटली पुन्हा रिकामी. कोंबड्यांची आज चंगळ होती.

“बाबा, ही काय थट्टा आहे?”

“घरी प्रार्थना अशीच करतोस?”

“दोन्ही वेळा.”

“ती ताटावर बसलेली असताना?”

“तिनं ऐकावं म्हणून तर…” मास्तर अडखळले. “आता नसते ती. तीन महिने झाले. सकाळी माझं करून ठेवते, स्वतः डबा घेऊन जाते. परत आली की म्हणते, भूक नाही.”

बाबांनी चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं.

मास्तरांचा मघाचा आवाज आता पार उतरला.

“बायकांच्या बाजूला, तिसऱ्या सतरंजीवर बसायची ती. आईला खेटून. गीताच्या दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. अजून दुसरं कडवं आलं की माझी मान तिकडं वळते, बाबा. एवढी माणसं गातात… मला काहीच ऐकू येत नाही.”

त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायचं भान नव्हतं. लेकीसाठी जीव तुटत होता, आणि लेक तर त्याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत राहत होती.

बाबांनी परातीत आणखी पीठ घेतलं.

“मास्तर, तुला सगळं पाठ आहे,” बाबा म्हणाले. “पेत्र शिष्य असून त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं. पुढं प्रभू त्याला पाण्याच्या काठी भेटला. तेव्हा काय म्हणाला?”

“कळप सांभाळ म्हणाला.”

“त्याच्या आधी?”

“माझ्यावर माया आहे का, असं विचारलं. तीन वेळा.”

“त्याच्याही आधी.”

मास्तरांनी तोंड उघडलं. अख्खा अध्याय डोळ्यांपुढं होता… रात्रभर जाळी ओढून दमलेली माणसं. काठावर निखारे. निखाऱ्यांवर मासे, आणि भाकरी. आयुष्यभर त्यांनी ही गोष्ट पोरांना शिकवली होती, आणि दर वेळी या जागेवरून घाईघाईनं पुढं गेले होते.

“जेवायला बोलावलं,” ते हळूच म्हणाले.

बाबांनी पिठाची परात त्यांच्यापुढं ओढली.

मास्तरांनी उभ्या आयुष्यात भाकरी थापली नव्हती. आधी बायको करायची, मग लेक. पीठ बोटांना चिकटलं. भाकरी एका अंगाला जाड झाली, दुसऱ्या अंगाला फाटली, तव्यावर टाकताना दुमडली. बाबांनी हसू लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

भाकरी तव्यावरून उतरली. मास्तर तिच्याकडं बघत राहिले.

“बाबा, समजा आज संध्याकाळी मी अशी एखादी केली. समजा ती आली… पुढ्यात बसली.” त्यांनी बोटांना चिकटलेलं पीठ खरवडलं. “एवढ्या दिवसांनी बसली, तर मी तिला म्हणू काय?”

बाबांनी ती वाकडी, वाफाळती भाकरी मधोमध मोडली आणि एक तुकडा मास्तरांच्या ताटलीत ठेवला.

“म्हण, अजून अर्धी घे.”