खडकीने गाळलेला बहार

फार मागची गोष्ट. एका डोंगरावर पेरूची झाडं होती. खालच्या गावात फळमाशी माजलेली, पण वरच्या थंडीत ती तगत नसे. त्याचाच झाडांना मोठा तोरा.

त्यांतली खडकी तोंडाची फटकळ. एका हिवाळ्यात गवतावरचं दव गोठलंच नाही, तशी ती म्हणाली, "बायांनो, माशी अर्ध्या घाटापर्यंत आलीय, बुलबुल सांगून गेला. पावसाळ्यात इथे पोचणार. आता फुललेला हा बहार गाळा. पावसात फळ धरूच नका, पुढच्या थंडीत धरू."

"भरली ओटी फेकू होय?" शेजारीण साखरी फणकारली. "तुला भार पेलत नसेल, तर तू गाळ."

खडकीने कळ सोसून एकूण एक फूल गाळलं. तिच्या रित्या फांद्यांना सगळ्या हसल्या.

पावसाबरोबर माशी आली. साखरीचे पेरू अळ्यांनी सडून खाली पडले. खडकीकडे माशीला अंडी घालायला फळच नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात उरल्यासुरल्या थंडीने माशी मंदावली, तेव्हा राखलेल्या जोमावर खडकी अशी लगडली, की फांद्या भुईला टेकल्या.

साखरीने हळूच विचारलं, "तुला कसं गं कळलं?"

"थंडी ओसरली हे तुलाही कळलं होतं," खडकी ताठ्यात म्हणाली. "तू ऊब खात बसलीस. मी तिच्या मागून कोण येतंय ते बघितलं."