मोडक्या पंखांच्या परड्या

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मी तिथे नव्हतो. मला एका सशानं सांगितली, त्याला खारीनं, आणि खार जरा वाढवूनच सांगते. पण ती बाभूळ खरी आहे. ती मी पाहिलीय.

तर त्या बाभळीवर एक सुगरण राहायची. जंगलातल्या पंख मोडलेल्या पाखरांना ती बोलावून घ्यायची आणि परड्या विणायला शिकवायची. परडीच्या बदल्यात दाणे मिळायचे, उडता न येणाऱ्यांचं पोट भरायचं, आणि काट्यांमुळे रानमांजरही वर यायचं नाही. सगळ्यात हळू हात एका म्हाताऱ्या होल्याचा. दोन दिवसांत एक परडी. पण वीण अशी घट्ट, की पाणी गळणार नाही.

एक दिवस मधाचा मोठा धंदा करणारं अस्वल आलं. म्हणालं, "सुगरणबाई, मध माझा, परडी तुमची. सगळ्यांना सांगू, मोडक्या पंखांच्या पाखरांनी विणलीय. त्यांचं भलं, माझंही भलं." अस्वल खोटं बोलत नव्हतं. सुगरणीला पटलं. मध धडाधड खपला. एक हरीण तर परडी बघून रडलं आणि रडत रडत तीन घेऊन गेलं. हरणं मध खात नाहीत.

मग अस्वल म्हणालं, "रोज शंभर लागतील." सुगरणीनं धडधाकट साळुंक्या कामाला लावल्या. बाकीची मोडकी पाखरं काम न उरल्यानं कंटाळून एकेक करून निघून गेली. होला राहिला. त्याला ती म्हणाली, "थोडे दिवस टोकाच्या फांदीवर बस."

"बसतो ताई. पण मला काम देत जा हं."

एवढ्यात निरोप आला, अस्वल गिऱ्हाइकांना झाड दाखवायला आणतंय. आणि झाडावर तर दिसायला सगळे पंख शाबूत! सुगरणीनं गवताच्या दोऱ्या काढल्या.

"बाई, डावा बांधू की उजवा?" एका साळुंकीनं विचारलं.

"कुठलाही बांध गं. पण चेहरा पाड."

गिऱ्हाइकं आली, हळहळली. होल्याचा पंख आतून मोडलेला होता, वरून काही दिसत नव्हतं. अस्वल सुगरणीच्या कानाशी लागलं, "बाई, हा धडधाकट कशाला ठेवलाय? लोकांना फसवल्यासारखं वाटेल."

सुगरण खरं सांगणारच होती. पण गिऱ्हाइकं बघत होती. मग होल्याला म्हणाली, "जरा खाली जाऊन येतोस का?"

"येतो ताई," म्हणत तो उतरला आणि चालत गेला. गिऱ्हाइकं परतल्यावर ती हाका मारत खूप फिरली. पण रानमांजराच्या जंगलात पायी निघालेलं पाखरू फार लांब पोचत नाही.

गिऱ्हाइकं मग रोजच यायला लागली, म्हणून दोऱ्या महिनाभर सुटल्या नाहीत. सुटल्या तेव्हा साळुंक्यांना उडताच येईना. सुगरण डोळे पुसत राहिली. अस्वलाला मात्र फार बरं वाटलं. "बघा बाई," ते म्हणालं, "आता आपण कोणालाच फसवत नाही."

तात्पर्य : मोठ्यांशी भागीदारी जरूर करावी, पण जिच्यापायी आपल्याच माणसाला खाली उतरवावं लागतं, ती भागीदारी आधी मोडावी.

झालं. आता गोष्टीबद्दल खिशातली बोरं काढा, पोरांनो. दोघांत मिळून एक चालणार नाही.